गुडघेकाकांचा पट्टा

आमच्या घरापासून सात मिनिटांवर एक झाड आहे, त्याचं नाव गुडघेकाका. मी नाही ठेवलेलं, आमच्या चिमीनं ठेवलंय, आणि आता घरात सगळेच तसं म्हणतात, म्हणजे नवरा ऑफिसातून फोन करून विचारतो कुठे आहात, मी अगदी सरळ आवाजात सांगते "गुडघेकाकांकडे", आणि तो म्हणतो बरं, येताना दूध आणा.

झाड एल्मचं आहे. मेलबर्नमध्ये कार्लटन गार्डन्स म्हणून मोठी बाग आहे, मधोमध १८८० च्या प्रदर्शनासाठी बांधलेली ती घुमटाची रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत, लग्नाचे फोटो काढायला तिथे नेहमी कुणी ना कुणी असतंच. तर त्या बागेतल्या एल्मच्या रांगेतलं हे एक. बुंध्याशी मुळं अशी वर आलीयेत की कुणी गुडघे पोटाशी घेऊन बसलंय असं वाटतं, म्हणून गुडघे. आणि काका का, तर आपल्याकडे ज्याचं नाव माहीत नाही तो काकाच ना! रिक्षावाले काका, वॉचमन काका, तसे हे.

आम्ही आलो तेव्हा चिमी चार वर्षांची होती आणि महिना जुलै. इथला जुलै म्हणजे कडक थंडी, पाचला अंधार. आयुष्यात कधी पानगळ न बघितलेल्या पोरीनं त्या रांगा बघितल्या, एकाही झाडावर पान नाही, आणि ट्राममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आई, ही सगळी मेलीयेत का?" मी म्हटलं नाही गं, झोपलीयेत. तिला काही ते पटलं नाही. मग रोज प्लेस्कूलहून येताना एका झाडाला हात लावून बघायची उठलंय का, आणि ते रोजचं एक झाड म्हणजे हेच, कारण त्याच्या गुडघ्यावर तिला बसता यायचं. दहा पावलांवर मस्त प्लेग्राउंड आहे, घसरगुंड्या आहेत, तिकडे ढुंकून बघायची नाही. मला तेव्हा काळजीच वाटायची खरं सांगायचं तर, की पोरगी मुलांमध्ये का जात नाही. इंग्रजी येत नव्हतं हे कारण होतंच, झाडाशी मराठीत बोललं तरी चालतं.

सप्टेंबरात काका उठले. एल्मला पानांच्या आधी फुलं येतात, इतकी बारकी लालसर की मान वर करून नीट बघितल्याशिवाय कळतसुद्धा नाही, आणि मग त्याच्या हिरव्या पापड्या होतात, त्या वाळून वाऱ्यावर अख्ख्या फुटपाथभर उडतात. चिमीनं खिसा भरून आणल्या आणि व्हिडिओ कॉलवर आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कॅमेऱ्यावर चिकटवून दाखवल्या. आबा चष्मा वरखाली करून म्हणाले, "अगं, ही तर वावळ्याची पापडी! आम्ही लहानपणी सोलून आतली बी खायचो." मी म्हटलं बाबा काहीतरीच काय, हे विलायती झाड आहे. नंतर शोधलं तर दोघं खरंच एकाच कुळातले निघाले, आपला वावळ आणि हा एल्म. म्हणजे आबांनी दहा हजार किलोमीटरवरून, फुटलेल्या व्हिडिओवर, बरोब्बर ओळखलं. तेव्हापासून चिमीच्या डोक्यात पक्कं बसलंय की गुडघेकाका आबांच्या ओळखीतले आहेत.

तिनं त्या पापड्या दह्याच्या डब्यात माती भरून पेरल्या. एकही उगवली नाही. दोन महिने रोज पाणी, डब्यावर नाव लिहिलेलं, आणि काही नाही. (नंतर वाचलं की इंग्लिश एल्मचं बी बहुतेक फोलच निघतं, ते झाड वाढतं मुळातून येणाऱ्या फुटव्यांनी. पण तेव्हा मला काय माहीत, मी रोज म्हणत होते थांब, येईल उद्या.)

या झाडांचं मेलबर्नला एवढं कौतुक का, हे मला कळलं ते एका पोळपाटामुळे. माझी आई आली तेव्हा लाकडी पोळपाट-लाटणं घेऊन आली होती, ते एअरपोर्टवर डिक्लेअर करावं लागतं, आणि तिथल्या माणसानं ते उलटंपालटं करून, किड्यानं पोखरल्याची भोकं तर नाहीत ना असं निरखून, मग परत दिलं. आई आठवडाभर धुसफुसत होती, पोळपाटात काय बॉम्ब आहे का. पण झालंय असं की गेल्या शतकात डच एल्म नावाच्या रोगानं युरोप-अमेरिकेतले एल्म साफ केले, एकट्या ब्रिटनमध्ये कोट्यवधी झाडं गेली. ती एक बुरशी आहे आणि सालीत राहणारे भुंगेरे ती या झाडावरून त्या झाडावर नेतात. ऑस्ट्रेलियात ती बुरशी अजून पोचलेली नाही. भुंगेऱ्याची एक जात पोचलीये, बुरशी नाही, शेजारच्या न्यूझीलंडमध्ये मात्र पोचली. म्हणून जगात इतरत्र जे एल्म आता चित्रातच दिसतात तसले जुने, मोठे, रांगेनं लावलेले एल्म इथे रस्त्यारस्त्यावर उभे आहेत. आता मी लाकडाची साधी चमच्याची जोडी आणली तरी निमूट फॉर्मवर टिक करते.

बरं, पट्टा. गुडघेकाकांच्या बुंध्याला, माझ्या डोक्याच्याही वर, पत्र्याचा रुंद पट्टा बांधलेला आहे, इथे बागांमधल्या पुष्कळ झाडांना असतो. पॉसम नावाचा प्राणी असतो, मांजराएवढा, रात्री झाडावर चढून कोवळी पानं फस्त करतो, आणि त्याला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे मारता तर येत नाही, मग पत्रा लावतात, नखं घसरतात आणि तो चढू शकत नाही. चिमीला हे सांगितलं होतं आणि ती खूश होती, काकांचा बेल्ट म्हणून.

मग एका रविवारी बोटॅनिक गार्डन्समध्ये गेलो आणि मी नसती गोष्ट सांगून बसले. तिथे एक रिव्हर रेड गम, म्हणजे निलगिरीच्या जातीचं इथलं झाड, होता, साधारण चारशे वर्षांचा, म्हणजे हे शहर वसायच्या कितीतरी आधीपासूनचा. १८५० च्या नोव्हेंबरात व्हिक्टोरिया, म्हणजे मेलबर्न ज्यात येतं ते आताचं राज्य, न्यू साऊथ वेल्सपासून वेगळं होणार ही बातमी आली तेव्हा लोकांनी त्या झाडाखाली जमून आनंद साजरा केला, म्हणून त्याला सेपरेशन ट्री म्हणायचे. २०१० मध्ये कुणीतरी रात्रीत येऊन त्याची साल गोल कापली, झाड कसंबसं तगलं, तर २०१३ मध्ये परत कापली, आणि शेवटी २०१५ मध्ये ते उतरवावं लागलं. चिमीनं विचारलं नुसती साल कापली तर अख्खं झाड कसं मरतं, आणि मी आपली उत्साहानं समजावत बसले की सालीच्या आतूनच पानांनी केलेलं जेवण मुळांपर्यंत जातं, सगळीकडून गोल कापलं की मुळं उपाशी मरतात.

ती गप्प झाली. ट्राममध्ये गप्प, घरी गप्प. रात्री दिवा घालवल्यावर अंधारातून आवाज आला, "आई, काकांचा बेल्ट पण गोल आहे."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना आम्ही दोघी झाडाखाली उभ्या, ती म्हणते तो घट्ट आहे, मी म्हणते नाहीये, आणि खरं म्हणजे मला खालून दिसत काहीच नव्हतं. मग आठवलं की इथल्या झाडांना ईमेल करता येतो. हसू नका, खरंच! मेलबर्नच्या कौन्सिलनं २०१३ मध्ये शहरातल्या आपल्या ताब्यातल्या जवळजवळ ७० हजार झाडांचा नकाशा ऑनलाइन टाकला, प्रत्येक झाडाला नंबर आणि नंबरावरून ईमेल, हेतू एवढाच की फांदी तुटली, कीड लागली तर लोकांनी नेमकं कुठलं झाड ते कळवावं. लोकांनी काय केलं, तर झाडांना हजारो प्रेमपत्रं लिहिली. तू आज छान दिसत होतास, परीक्षा आहे, शुभेच्छा दे, वगैरे. आणि कौन्सिलातली माणसं काही पत्रांना झाडाच्या वतीनं उत्तरंही द्यायची. मला हा प्रकार आपल्याकडच्या बातम्यांत वाचताना गोड-गोड वाटला होता, पण आता आमच्याकडे चक्क कामाची तक्रार होती.

रात्री जेवणं झाल्यावर नकाशा उघडला, बाग मोठी करत करत काकांचा ठिपका शोधला. चिमी आता सात वर्षांची आहे आणि वाचते, हे मी नेहमी विसरते. नकाशात झाडाची जात दिसते आणि अंदाजे किती वर्षं शिल्लक आहेत तेही दिसतं, कारण १९९७ पासून २००९ पर्यंतच्या त्या लांबलेल्या दुष्काळात इथली झाडं फार खचली आणि कुठली कधी जातील याचा हिशोब मांडणं भागच होतं, त्यातूनच २०१२ मध्ये त्यांनी ठरवलं की शहरावरची सावली २२ टक्क्यांवरून २०४० पर्यंत ४० टक्क्यांवर न्यायची. हे सगळं ठीक आहे हो, पण मी स्क्रीन झाकायच्या आत तिनं मोठ्यानं वाचलं. अकरा ते वीस वर्षं.

बोटांवर हिशोब झाला. "म्हणजे मी अठरा ते सत्तावीस."

मी म्हटलं अगं अंदाज असतो तो, चुकतो पण. ती थोडा वेळ ठिपक्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "आबांचं पण असं कुठे लिहिलेलं असतं का?"

नवरा सिंकपाशी भांडी विसळत होता, त्यानं नळ बंद केला. मी म्हटलं नाही, माणसांचं नसतं लिहिलेलं. "मग तुला कसं कळतं कधी जायचं ते?" या वर्षी तिकिटं काढायची की पुढच्या, यावर आमचं पंधरा दिवस घोळ घालणं चाललंय, ते तिच्या कानावर असणारच. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं चल, ईमेल लिहू.

ईमेल तिनं इंग्रजीत सांगितला, मी टाइप केला, पण "डिअर गुडघेकाका" हे तिला तसंच हवं होतं, म्हणून ते मराठीतून. मजकूर एवढाच की तुमचा बेल्ट घट्ट आहे का, असेल तर सांगा, मी कुणालातरी सांगते, आणि आबांनी नमस्कार सांगितलाय. आबांनी काहीही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी आबांना फोनवर हे सगळं सांगितलं, शिल्लक वर्षांचा भाग गाळून, तर तो चिमीनंच मागून येऊन सांगितला. आबा खदखदून हसले, म्हणाले, "माझा ठिपका कुठे दिसतो का बघा, निदान ईमेल आयडी तरी द्या मला!" मी त्या रात्री तिकिटं बघितली. महाग आहेत. काढली.

उत्तर यायच्या आधीच पट्ट्याचा निकाल लागला. नवऱ्यानं तिला खांद्यावर उभं केलं, बागेत येणारी-जाणारी बघत होती, आणि तिनं पट्ट्याची मागची बाजू तपासली. तिथे स्प्रिंगा आहेत! बुंधा जाड होईल तसा पट्टा सैल होतो, कापत नाही. तिनं बोट घालून बघितलं, दोनदा, आणि खाली उतरून जाहीर केलं की इलॅस्टिक आहे, माझ्या शाळेच्या पँटसारखं. काही दिवसांनी कौन्सिलकडूनही छान दोन ओळी आल्या, पण तोवर तिचा त्यातला रस संपला होता, शिवाय झाडाला टाइप करायला हात नसतात, हे कुणीतरी दुसऱ्यानं लिहिलंय, असं तिनं मलाच समजावलं.

परवा शनिवारी मी बाकावर बसून ऑफिसचे मेसेज बघत होते, ती गुडघ्यांच्या मधल्या खबदाडीत डोकं घालून कितीतरी वेळ काहीतरी बघत होती. मला खूण करून बोलावलं. दोन मुळांच्या बेचक्यात, जिथे गवत कापायचं मशीन शिरत नाही, वीतभर उंचीचा एक फुटवा वर आलाय, सहा पानं, कडेला दाते, देठापाशी एक बाजू खाली एक वर, अगदी काकांसारखी. मी फोटो काढायला फोन उचलला तर तिनं हात धरला.

"आई, नको. नकाशावर घालतील."

मग आम्ही त्याच्यावर थोडी वाळकी पानं लोटली आणि दूध आणायला गेलो.