मैना आता गावावर राहत नाही : वाटेगाव ते उसाचा फड

कऱ्हाडकडून येताना पेठ नाक्याच्या अलीकडे, कासेगावला महामार्ग सोडला की वाटेगावचा रस्ता लागतो. जानेवारीत हा सगळा पट्टा गळीत हंगामात बुडालेला असतो. पुढे उसानं लादलेला ट्रॅक्टर, त्याच्या मागे दोन ट्रॉल्या आणि त्यांच्या मागे मुंगीच्या पावलानं आमची गाडी. गाडीत माझे बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी होते. बहुतेक सगळे ऊसवाल्या घरांतले, दर दिवाळीनंतर आपल्या शेताच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहिलेल्या लहानपणापासून पाहणारे.

अभ्यासाला अण्णाभाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा होती. वारणाकाठचा भीमा काम शोधत मुंबईला जातो, उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो आणि खाण बंद पडल्यावर प्रेतांच्या राखेत सोनं शोधू लागतो. वर्गात ती वाचताना मुलं हळहळली. हळहळ खरी होती, पण तेवढ्यावर थांबलं की कथा जुन्या काळातल्या दुःखाची होऊन बसते. म्हणून मुलांना घेऊन अण्णाभाऊंच्या गावी जायचं ठरवलं आणि तिथून थेट उसाच्या फडात.

अण्णाभाऊ १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात जन्मले. वडिलांबरोबर ते लहानपणीच मुंबईला गेले, तेही पायी. ३०० किलोमीटरहून अधिक वाट, आणि वाटेत मिळेल ते काम करत. पुढे हमाली झाली, गिरणी झाली, चिरागनगरची झोपडी झाली. स्मारकाजवळ बसून आम्ही कथा पुन्हा वाचली, पण या वेळी रडायला बंदी होती! प्रत्येकानं वहीत फक्त पाच प्रश्नांची उत्तरं लिहायची होती. गाव का सोडलं? जाण्याआधी कुणाचे पैसे घेतले होते का? बरोबर कोण गेलं, मागे कोण राहिलं? मजुरी कशी आणि कधी मिळते? काम थांबलं तर काय होतं? हेच प्रश्न घेऊन दुपारी फडात जायचं होतं.

ज्या गावातून माणसं पोटासाठी चालत बाहेर पडली, त्याच वाळवा तालुक्यात आज बीड जिल्ह्यातली माणसं पोटासाठी येतात. बीडमधल्या पाटोद्याहून इथवरचं अंतरही साधारण वाटेगाव ते मुंबईएवढंच. मुलांनी नकाशावर बोट फिरवून ते ताडून पाहिलं. मधल्या काळात इथे धरणं झाली, उपसा सिंचन आलं, सहकारी कारखाने उभे राहिले. पाणी जिकडे गेलं तिकडे ऊस गेला, आणि उसामागे कोयता आला.

फडात गेलो तेव्हा टोळी नुकतीच भाकरी खायला बसली होती. गाडी भरायच्या वेळी कुणाला बोलायला लावायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं. एका मावशींनीच आमची उलटतपासणी सुरू केली. “तुमच्यात ऊस कुणाकुणाचा हाय?” बरेच हात वर झाले. “मंग तुमाला काय सांगायचं? तुमच्या बांधावर बी आमीच असतो की.” मुलं चपापली. मला मात्र फार बरं वाटलं, कारण इतके दिवस वर्गात जे सांगता येत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

मग वह्या भरू लागल्या. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधीच मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि ती टनाटनानं फेडायची. जोडीतलं एक जण आजारी पडलं की खाडा, म्हणजे दिवस बुडाला आणि पैसे कापले. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून चार पैसे सुटतात. लहानगं पोर झोळीत असतं, शाळेतली पोरं गावी म्हातारीपाशी.

इथेच एका मुलीला ‘माझी मैना गावावर राहिली’ आठवली. अण्णाभाऊंच्या त्या छक्कडेत गडी मुंबईत आणि बायको गावात आहे, आणि त्या ताटातुटीवरच गाणं उभं आहे. पुढे तीच मैना महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारची होते, हा भाग निराळा. मुलीनं वहीत लिहिलं, “कोयत्याला मैना गावावर ठेवता येत नाही. ती राहिली तर कोयताच राहत नाही.” मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात नेमकं वाचन हेच होतं. गिरणीला एकटा पुरुष चालत होता, उसाच्या फडाला जोडी लागते. त्यामुळे ताटातूट आता आईबाप आणि लेकरांमध्ये होते. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, त्याची एक मुळी, पाळीच्या त्रासामुळे काम बुडू नये या धास्तीची, या खाड्यातही आहे.

दुसरा फरक वर्गात परतल्यावर निघाला आणि त्यावर चांगलीच खडाजंगी झाली. भीमाच्या अंगावर उचल नाही. तो मोकळा आहे, म्हणूनच खाण बंद पडताच उघड्यावर येतो. शेवटी बोटं गमावल्यावर खाण पुन्हा सुरू झाल्याचं त्याला कळतं. कोयत्याला काम आहे, पण ते सोडता येत नाही. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीची मजुरी ३४ टक्क्यांनी वाढवायचा करार झाला, ती चांगलीच गोष्ट झाली. पण वाढलेला दर आधी उचलीतच जिरतो, हे मुलांना हिशेब मांडल्यावर दिसलं. यांत जास्त वाईट कोणतं, असं एकानं विचारलं. असली तुलना मला नको होती. दुःखाची मापं काढण्यापेक्षा माणूस नेमका कुठे अडकला आहे ते शोधा, एवढंच मी म्हटलं.

एका मुलानं घरी जाऊन वडिलांना टोळीचा हिशेब विचारला आणि कथेवरच्या निबंधाला तो जोडून दिला. आता पावसाळ्यात पाटोद्याकडे जायचं आहे. उचल तेव्हाच वाटली जाते, आणि त्या मावशी तेव्हा आपल्या घरी असतील.