फाइल बरोबर होती, वाचणारा जुना होता

बीगलबोन ब्लॅक या लिनक्स चालवणाऱ्या छोट्या संगणक-बोर्डावर डब्ल्यूएस२८१२ जातीच्या दिव्यांची पट्टी चालवायची, एवढंच काम होतं. या दिव्यांचा एक बिट साधारण १.२५ मायक्रोसेकंदांचा, आणि त्यात पल्स किती वेळ वर राहिला यावरून ते ० की १ हे ठरवतात. इतक्या बारीक वेळेचा शब्द लिनक्स देत नाही. मध्येच दुसरं काम काढून बसतं. म्हणून पीआरयू. त्याच चिपमध्ये बसलेले दोन छोटे प्रोसेसर, २०० मेगाहर्ट्झवर चालणारे, एक पायरी ५ नॅनोसेकंदांची. सी मधला प्रोग्राम तासाभरात झाला. पुढच्या दोन संध्याकाळी गेल्या एका पिनपायी.

पिन म्हणजे पी९_३१, बोर्डावरच्या पी९ या पिनांच्या रांगेतली ३१ वी. पीआरयू ० च्या आर३० रजिस्टरचा (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठ्याचा) पहिला बिट थेट या पिनवर निघतो, पण ती मोड ५ मध्ये असेल तरच. एकाच पिनला अनेक कामं करता येतात, मोड म्हणजे त्यातलं निवडलेलं काम. कॉन्फिग-पिन या मोड बदलणाऱ्या कमांडला तसं सांगितलं तर उत्तर आलं, पिनमक्स (पिनांची कामवाटणी) फाइल सापडत नाही. हे अपेक्षितच होतं. पी९ वरच्या २५, २८, २९ आणि ३१ या पिना एचडीएमआयच्या आवाजाने आधीच धरून ठेवलेल्या असतात. त्या सोडवायला बूट फोल्डरातल्या यूएन्व्ही या सुरुवातीच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये व्हिडिओ आणि ऑडिओ बंद करणाऱ्या दोन ओळींपुढचं # काढायचं, पीआरयूच्या रिमोटप्रॉक (लिनक्समधून असे जोड-प्रोसेसर चालवणारी सोय) ओव्हरलेची, म्हणजे हार्डवेअरच्या वर्णनात भर घालणाऱ्या फाइलची, ओळ उघडायची आणि रीस्टार्ट करायचं. केलं.

ढिम्म. रिमोटप्रॉकच्या फोल्डरात फक्त ० क्रमांक. (तो पीआरयू ० नव्हे! माझ्या ४.१९ कर्नलवर तो वीज-बचत सांभाळणारा कॉर्टेक्स-एम३ असतो. पीआरयू १ आणि २ क्रमांकावर दिसायला हवेत. या आकड्यांनी मला आधीच एकदा चकवलं होतं.) मी फाइल पुन्हा उघडली. स्पेलिंग तपासलं. ओव्हरलेची फाइल खरंच त्या जागी आहे का ते पाहिलं. होती. रीस्टार्ट. पिनमक्सची यादी काढली, त्यात ९९० ने संपणाऱ्या, म्हणजे पी९_३१ च्या, पत्त्यासमोर मोडचा आकडा ०. म्हणजे पिन अजून आवाजाकडेच. ओळींचा क्रम बदलला, रीस्टार्ट. वैतागून फाइलच्या शेवटी मुद्दाम एक निरर्थक ओळ घातली, निदान एरर तरी येईल म्हणून. तीही नाही. आपण लिहितो आहोत आणि पलीकडे कोणी वाचतच नाही, असं वाटायला लागलं.

खूण डोळ्यांसमोरच होती, हे आठवून अजून चिडचिड होते. एचडीएमआय खरंच बंद झालं असतं तर स्क्रीन काळी पडायला हवी होती. मी त्याच स्क्रीनकडे बघत पुढच्या कमांड टाइप करत होते.

दुसऱ्या संध्याकाळी सीरियल केबल लावली, बोर्ड सुरू होतानाचे संदेश दुसऱ्या संगणकावर दाखवणारी. ती पहिल्याच दिवशी लावायला हवी होती. बोर्डावरच्या सहा पिनांच्या जे१ वर, ३.३ व्होल्टचीच केबल, वेग ११५२००. वीज दिली आणि अगदी पहिल्या ओळीत उमटलं: यू-बूट २०१४.०४. यू-बूट म्हणजे बूटलोडर, लिनक्सच्या आधी उठून त्याला चालू करणारा प्रोग्राम. मी ज्यावरून लिनक्स चालवत होते त्या एसडी कार्डावरचा यू-बूट २०१९ चा होता. मग हा कोण?

हा बोर्डाच्या ईएमएमसीत, म्हणजे बोर्डावरच बसवलेल्या साठवणीच्या चिपमध्ये, पडून असलेला. बूटचं बटण न दाबता वीज दिली की बोर्डाचा प्रोसेसर आधी ईएमएमसीत बूटलोडर शोधते आणि मग कार्डाकडे वळते. जुना यू-बूट उठायचा, कार्ड दिसलं की त्यावरचा लिनक्स चालू करायचा, आणि माझी यूएन्व्ही फाइलसुद्धा वाचायचा. फक्त ओव्हरलेच्या ओळी त्याला कळतच नव्हत्या, त्या तो गुपचूप सोडून द्यायचा. वरून सगळं नवंकोरं दिसत होतं.

खात्री करायला कार्डाजवळचं बूट बटण दाबून धरून वीज दिली. इथेही अर्धा तास घालवला, कारण मी बटण धरून रीसेट दाबत होते. ते चालत नाही. बटणाची दखल वीज येताना घेतली जाते, त्यामुळे केबल काढून पुन्हा लावायची. तसं केल्यावर सीरियलवर २०१९ आणि स्क्रीन काळी. काळी स्क्रीन बघून इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

कायमचा उपाय म्हणून ईएमएमसीचे पहिले १० एमबी शून्यांनी पुसून टाकले. त्याने पार्टिशन टेबलही जातं, तेव्हा आत काही हवं असेल तर आधी काढून घ्या. आणि पुसताना कार्ड कुठलं, ईएमएमसी कुठली हे नावावरून ठरवू नका. यादीत जिच्यासोबत बूट० आणि बूट१ असे दोन छोटे भाग दिसतात ती ईएमएमसी.

पुढचं सगळं भराभर झालं. १ आणि २ हजर, कॉन्फिग-पिन निमूट, ९९० समोर ५. रिमोटप्रॉक दाखवतो तो ‘रनिंग’ हा शब्द मात्र मनावर घेऊ नका, प्रोसेसर चालू आहे एवढंच तो सांगतो, पिन जोडली आहे की नाही ते नाही. आधी आर३० चा बिट नुसता १ करून ठेवा आणि मल्टिमीटरवर ३.३ व्होल्ट दिसतात का बघा. पट्टी त्यानंतर. पट्टी ५ व्होल्टवर असेल तर मध्ये लेव्हल शिफ्टर (सिग्नलचे व्होल्ट वाढवणारी चिप) हवा, कारण तिला ‘१’ ओळखायला ३.५ व्होल्ट लागतात. हो, आणि पी९ अपुरा पडला म्हणून पी८_४५, ४६ कडे जाणार असाल तर जपून: त्या पिना बोर्ड सुरू होताना बूटची सेटिंग वाचायलाही वापरल्या जातात, बाहेरून काही ओढून धरलं तर बोर्ड उठणारच नाही.

प्रोग्राम सोडला. पहिला दिवा लाल मागितला होता, पेटला हिरवा. हे दिवे रंग घेताना हिरवा आधी घेतात. ती चूक सुधारायला दोन मिनिटं लागली, पण त्या रात्री मी तो हिरवाच ठेवला.