मंडळाची मेकअप पेटी माझ्याकडे आली तेव्हाचा अनुभव (ब्रश धुण्याबद्दल)

ब्रश धुणं काही अवघड नाहीये, अवघड आहे ते वाळवणं, आणि त्यातून इंदुरात भाद्रपदात. तर झालं असं की आमच्या मंडळात गणपतीत लहान मुलांचं नाटक असतं, त्याचा मेकअप वर्षानुवर्षं एक काकू बघायच्या, त्या मुलाकडे पुण्याला शिफ्ट झाल्या आणि पेटी माझ्याकडे आली, का तर मी घरच्या लग्नांत नवरीचा मेकअप करते म्हणून. पेटी उघडली तर आधी वासच आला, कुबट, तेलकट. ब्रश भरपूर होते पण अर्धे कडक, एकावर तर दाढीमिशा चिकटवायचा स्पिरिट गम वाळून दगड झालेला.

आधी मी वर्गवारी केली. कोणते खऱ्या केसांचे (बकरीचे बहुतेक) आणि कोणते सिंथेटिक, कारण दोघांना वेगळी वागणूक लागते. बघून कळत नसेल तर एकच केस उपटून काडीने जाळायचा, खरा असेल तर केस जळाल्याचा वास येतो, सिंथेटिक असेल तर वितळून गोळी होते. स्पिरिट गमवाल्याला पाण्याने काही होत नाही, तो राळेचा असतो, स्पिरिटमधेच सुटतो. वाटीत थोडं स्पिरिट घेऊन फक्त टोक बुडवलं, चोळलं, असं करत करत सुटला बिचारा. झडणारे आणि वाकडे झालेले ब्रश मी मुलांच्या पोस्टर रंगवण्याकडे दिले, तोंडाला ते नकोतच.

आता पाणी. इंदूरवाल्यांना सांगायला नको, आमच्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंप होऊन येतं आणि आमच्या गल्लीत एक दिवसाआड येतं, बाकी वेळ बोरिंग. बोरिंगचं पाणी जड, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरी चिकट साय करतं आणि ती केसांवर बसते, मग ब्रश धुतलेला असूनही वाळल्यावर झाडूसारखा खरखरीत. म्हणून मी नर्मदेचं पाणी आलं की बादली भरून ठेवते आणि साबणाची वडी सोडून बेबी शाम्पू वापरते, शाम्पूची अशी साय होत नाही.

पावडरचे ब्रश पटकन होतात. फाउंडेशनचे नाही होत, कारण क्रीम बेस तेलकट असतो, पाणी त्याला शिवतच नाही. टोकाला दोन थेंब खोबरेल लावून तळहातावर फिरवायचं, रंग सुटू लागला की भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मग शाम्पू, मग कोमट पाणी. गरम पाणी नको. ब्रशचं तोंड कायम खाली, कारण केस जिथे पत्र्याच्या नळीत चिकटवलेले असतात तिथे पाणी शिरलं की गोंद सुटतो, केस गळतात, लाकडी दांडी फुगते ते वेगळंच. ब्रश ग्लासात भिजत घालून फोनवर बोलायला जाणाऱ्यांनो, ऐकताय ना. झाला की नाही हे बघायला पांढऱ्या टिश्यूवर घासायचा, टिश्यू कोरा राहिला की बास, लिपस्टिकच्या ब्रशवर गुलाबी झाक उरली तर तो नुसता डाग आहे, त्याच्या मागे लागू नका.

वाळवणं मात्र भाद्रपदात वैताग. कपडेच वाळत नाहीत तिथे जाड कबुकी ब्रश काय वाळणार! उभे ठेवले तर पाणी उतरून नळीत जातं म्हणून मी बोटांनी आकार देऊन, टिश्यूत दाबून, कपड्यांच्या स्टँडला रबरबँडने उलटे टांगते आणि खाली पंखा. हेअर ड्रायर नाही, कडक ऊनही नाही. बारीक ब्रश रात्रीत वाळतात, जाड दुसऱ्या दिवशीसुद्धा मुळाशी गार लागतात, असा गार ब्रश डब्यात बंद केला की बुरशी आलीच, म्हणून तालमीच्या आधीच धुवून ठेवायचे, प्रयोगाच्या दिवशी नाही.

घरचा एकट्याचा ब्रश असेल तर त्वचेचे डॉक्टर आठ-दहा दिवसांनी धुवा म्हणतात, पण इथे एक ब्रश आणि रांगेत गोप, गवळणी, पेंद्या. प्रत्येकाच्या मधे धुवून वाळवणं शक्यच नाही. मग मी दवा बाजारातून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. ९९ वालं जास्त भारी वाटतं पण ते फार लवकर उडून जातं, ७० मधल्या पाण्यामुळे ते टिकतं आणि जंतूंवर कामही नीट करतं. ब्रश टिश्यूवर पुसायचा, स्प्रे मारायचा, पूर्ण सुकू द्यायचा, तोवर दुसरा ब्रश. पण हे धुण्याच्या जागी नाही हं, मळावर स्प्रे मारून काही होत नाही. आणि आरतीच्या निरांजनापासून लांब, पेट घेतं ते. बेसच्या डबीत ब्रश थेट बुडवायचा नाही, चमच्याने स्टीलच्या ताटलीत काढून घ्यायचा.

एक आजी म्हणाल्या, "एवढं काय गं, आमच्या वेळी एकाच पफाने सगळ्या गवळणी रंगायच्या." म्हटलं आजी, पावसाळ्यात एकाचे डोळे आले की अख्ख्या वाड्याचे येतात, ते पण आठवतंय ना? त्या हसल्या आणि नातवाला स्वतःहून रांगेत पुढे केलं. डोळ्यांचं म्हणूनच वेगळं ठेवलंय, मस्कारा फेकायच्या कांडीने, एका मुलाला एक, काजळ पेन्सिल दरवेळी तासून मगच पुढच्याला.

स्पंजचं मी मंडळातून बंदच केलं. इंग्लंडमधल्या अ‍ॅस्टन युनिव्हर्सिटीने २०१९ मधे वापरलेल्या मेकअपच्या वस्तू तपासल्या होत्या, त्यात ब्लेंडर स्पंजांपैकी ९३ टक्के कधी धुतलेच नव्हते आणि ६४ टक्के जमिनीवर पडूनही वापरात होते. स्पंज आतून ओला राहतो, त्यात दमट हवा. आता कापसाचे छोटे तुकडे कापून ठेवते, एका चेहऱ्याला एक, वापरला की कचऱ्यात. खजिनदार काका कापसाच्या बिलावर कुरकुरले थोडे, पण नवे ब्रश घ्यायचा खर्च सांगितल्यावर सही केली.