झडीत कपडे वाळवायचे तर गरम स्टँडला वारा हवाच

मे महिन्यात नागपुरात गच्चीवर टाकलेली चादर बघता बघता कडक होते. जुलैत झड लागली की तीच चादर दोन-दोन दिवस वलणीवर दमट राहते. अशा वेळी हीटेड स्टँड, म्हणजे दांड्या विजेवर गरम होणारा कपडे वाळवायचा स्टँड, घ्यावा असं वाटणं साहजिक आहे. वस्तू कामाची आहे, पण ती थंड देशांतल्या हिवाळ्यासाठी बनलेली आहे. सोबतच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे इथे वापरली, तर कपडे कोमट होतात, कोरडे होत नाहीत.

त्याचं कारण हवेत आहे. इंग्लंडच्या हिवाळ्यात बाहेर 5 अंश तापमान असताना एक घनमीटर हवेत जेमतेम 6 ग्रॅम वाफ असते. ती हवा घरात येऊन 20 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 35 टक्क्यांवर उतरते आणि ती कपड्यांतलं पाणी भराभर ओढून घेते. तिथे कमतरता उष्णतेची असते. आपल्याकडे पावसाळ्यात 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रता धरली, तर घनमीटरमागे 23 ग्रॅम वाफ आधीच भरलेली असते आणि 27 ग्रॅमला जागा संपते. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत साधारण 34 घनमीटर हवा असते. खोली बंद केली तर त्या सगळ्या हवेत मिळून 140 ग्रॅमच्या आसपासच पाणी मावतं. स्टँडने खोली तापली की आणखी थोडं मावतं. पण 5 किलो कपड्यांत स्पिननंतरही अडीच-तीन लिटर पाणी असतं. ते बाहेर जायला वाट नसेल तर भिंतीत, गादीत आणि कपाटामागे जाऊन बसतं.

म्हणून पहिलं काम स्टँडपाशी नाही, मशीनपाशी आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला विजेच्या सुमारे 0.68 युनिटाएवढी उष्णता लागते. 300 वॅटचा स्टँड तासाला 0.3 युनिट देतो. म्हणजे नुसत्या स्टँडच्या जोरावर लिटरमागे दोन तासांहून जास्त वेळ जाणार. तेच पाणी मशीनची मोटर काही मिनिटांत, किरकोळ विजेत काढते. फ्रंट लोडला स्पिनचा वेग 1200 किंवा 1400 आरपीएम (मिनिटाला फेरे) ठेवला तर कपड्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी उरतं. टॉप लोडमध्ये त्याहून बरंच जास्त उरतं. तिथे स्पिन संपला की कपडे काढून झटकून, मोकळे करून परत टाका आणि नुसता स्पिन पुन्हा चालवा. सेमी-ऑटोमॅटिकचं ड्रायर अर्धंच भरा आणि जीन्स एकाच बाजूला कोंबू नका.

आता जागा. स्टँड भिंतीपासून किमान एक फूट दूर, शक्यतो खिडकी आणि दार यांच्या मधल्या रेषेत ठेवा. टेबल फॅन जमिनीलगत ठेवून खालून तिरपा वर सोडा. सीलिंग फॅन वरच्या थरालाच लागतो, खाली लोंबणाऱ्या पँटच्या पायांना नाही. स्वयंपाकघराचा किंवा बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवा आणि त्या वाटेवरची दारं उघडी ठेवा. सहा इंची एक्झॉस्टही या कामाला पुरतो, फक्त दुसऱ्या बाजूने हवा आत यायला खिडकी थोडी किलकिली हवी.

आपल्या घरी यासाठी आणखी एक उत्तम यंत्र पडून असतं, ते म्हणजे कूलर. टाकी पूर्ण रिकामी करा, पंप बंद ठेवा, ताट्या (बाजूंच्या गवताच्या जाळ्या) कोरड्या असल्याची खात्री करा आणि नुसता पंखा लावा. त्याचा झोत टेबल फॅनच्या कितीतरी पट असतो. स्टँड चार-पाच फुटांवर ठेवा, कपड्यांना चिमटे लावा आणि समोरचं दार उघडं ठेवा. पावसाच्या माऱ्याने गवताच्या ताट्या भिजल्या असतील तर मात्र कूलर लावू नका. ओल्या ताटीतून आलेली हवा वाफेने भरूनच येते, वर गवताचा वास कपड्यांना लागतो.

वेळही महत्त्वाची. रात्री आणि पहाटे आर्द्रता सर्वांत जास्त असते, दुपारी पाऊस नसेल तर ती उतरते. दुपारी बारा ते पाच या वेळात स्टँड लावलात तर तेवढ्याच विजेत जास्त पाणी निघतं. बाहेर मुसळधार असताना हवा 25 अंशांवर आणि जवळपास पूर्ण भरलेली असते. तेव्हा मात्र गरम दांड्यांचा खरा उपयोग होतो. खोलीतली हवा चार अंशांनी जरी तापली, तरी आर्द्रता 95 वरून 75 टक्क्यांच्या घरात येते आणि वाळणं पुन्हा सुरू होतं.

दांड्यांना हात लावल्यावर चटका बसत नाही म्हणून स्टँड बिघडला असं समजू नका. साधारण 50-55 अंश, एवढंच त्यांचं काम आहे आणि तिथवर पोचायला वीसेक मिनिटं लागतात. उष्णता दांडीला टेकलेल्या पट्ट्यालाच मिळते. दांडीवरची रेघ कोरडी, खालचा भाग ओला, असं दिसतं ते यामुळेच. कपडा एकेरी टाका, एका आड एक दांडी रिकामी सोडा आणि दर दीड-दोन तासांनी कपडा सरकवून दुसरा भाग दांडीवर आणा. जीन्स उलटी करा, खिसे बाहेर ओढा, कमरेचा जाड पट्टा दांडीवर घ्या. शर्ट हँगरवर घालून स्टँडच्या टोकाला अडकवा. टॉवेल आणि शाळेचे गणवेश एकत्र लावू नका, कारण टॉवेलची वाफ गणवेशाचा वेळ खाते. इलॅस्टिक आणि लोकर थेट दांडीवर नकोच. सिंथेटिक साडीला स्टँड लागतच नाही, पंख्याखाली ती वाळते. पुस्तिका वरून चादर झाकायला सांगते. बंद, थंड खोलीत ते ठीक आहे, पण पंखा लावलेल्या दमट खोलीत झाकलं की आत वाफेचा तंबूच होतो.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. धातूची दांडी, ओला कपडा आणि ओले हात एकत्र येतात, म्हणून अर्थिंग हवंच. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत जिथे दोनच तारांचं वायरिंग आहे, तिथे आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थ ओढून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवा. 300 वॅटला सव्वा अँपिअरच्या आसपास करंट लागतो, 6 अँपिअरचं सॉकेट पुरतं. बाहेरच्या देशाचा चौकोनी पिनांचा प्लग असेल तर ढिला अ‍ॅडॉप्टर वापरू नका, तो तापतो. पाणी टपकणारा कपडा स्टँडवर टाकू नका. घडी घालताना स्टँडचा पंख, म्हणजे बाजूचा दुमडणारा भाग, ओढून दाबू नका, कारण आतली वायर बिजागरीपाशीच तुटते. एकच पंख थंड राहत असेल तर बहुधा तेच झालेलं असतं. स्वतः उघडायला जाऊ नका.

पाच तासांचं दीड युनिट, पंख्याचं अर्धं, म्हणजे एका धुण्याला दोन युनिटं धरा. महिन्यात पंधरा धुणी असली तर 30 युनिटं. महावितरणच्या बिलात 100 आणि 300 युनिटांना दर चढतो, त्यामुळे तुमचा मीटर कुठे उभा आहे ते पाहून ठरवा.

कुबट वास मुख्यतः मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूमुळे येतो. कपडा तासन्‌तास ओला राहिला की तो वाढतो, आणि इस्त्रीने वास जात नाही. उलट वाफ लागताच तो उठतो. असे टॉवेल 60 अंशांच्या पाण्यात, सोडियम परकार्बोनेट असलेल्या ऑक्सिजन ब्लीचसोबत धुवा, आणि फॅब्रिक सॉफ्टनर बंद करा. त्याचा थर टॉवेलची पाणी शोषायची ताकद कमी करतो.