काकडूतला वलंदेज

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून पहाटे निघतानाच धाकट्या बहिणीने दम दिला होता, "ताई, पाण्याच्या कडेला जायचं नाही. मगर दिसत नाही म्हणजे मगर नाही, असं इथे नसतं." ती तिथे नोकरीला, त्यामुळे मुकाट्याने ऐकलं.

काकडू राष्ट्रीय उद्यान जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खा पुणे जिल्हा आत बसून वर जागा उरेल. उद्यानातलं जाबिरू गावच डार्विनपासून सुमारे २५० किलोमीटर. वाटेत रस्त्याकडेचं गवत धुमसताना बघून मी घाबरले, तर ती मुद्दाम लावलेली आग निघाली. इथले मूळ रहिवासी, उत्तरेकडचे बिनिंज आणि दक्षिणेकडचे मुंगुय, वर्षाचे सहा ऋतू मानतात. आम्ही गेलो तो वुर्रगेंग, थंडीचा (दुपारी मी घामाने भिजले होते, तरी थंडीच!). त्याच्या आधीच्या येग्गेपासूनच थोडं थोडं गवत जाळत जातात, म्हणजे कडक उन्हाळ्यात वणव्याला खायला फारसं उरत नाही. ऋतू आपलेही सहाच, पण माझे शाळेतल्या पाठांतरापुरते. हेमंत कधी संपतो, मला विचारू नका.

उबिर ही उद्यानातली कातळचित्रांची जागा. तिथे कातळाच्या एका भल्यामोठ्या छपरीखाली मान वर करून उभी राहिले आणि तासभर हललेच नाही. भिंतभर बारामुंडी मासे, कासवं, वॉलबी (कांगारूचा छोटा भाऊबंद). माशाचा कणा, काटे, आतलं सगळं उघडं दाखवलेलं. कोळीण कल्ले उचलून मासा दाखवते ना, तसं. काढणाऱ्याने तो मासा नक्की स्वतः चिरला असणार. चित्रावर चित्र, त्यावर पुन्हा चित्र; नव्या पांढऱ्याखालून जुनी गेरूची रेघ डोकावते. जवळच उंचावर थायलसीन, म्हणजे टास्मानियन वाघ. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो किमान २,००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला.

आणि या गर्दीत एक गोरा माणूस, खिशात हात घालून उभा. सगळे शिकार करतायत, हा नुसता बघतोय. रेंजरबाई म्हणाल्या, "गोऱ्याला इथे बालांडा म्हणतात."

मी चमकले. वलंदेज, म्हणजे आपला डच! इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या मकासरहून कोळी पूर्वी दरवर्षी या किनाऱ्यावर समुद्रकाकडी (भाजी नव्हे, समुद्रातला प्राणी) गोळा करायला येत. (काकडू नावाचा काकडीशी संबंध नाही, ते गागुजू या भाषेच्या नावावरून आलंय.) त्यांच्या बोलण्यातून 'हॉलंडर'चा बालांडा झाला आणि तो इथे सगळ्याच गोऱ्यांना चिकटला. आपल्याकडे तोच डच माणूस पोर्तुगिजांच्या तोंडून आला आणि वलंदेज झाला. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला त्याची वखार होती. रेंजरबाईंना मी हे मोडक्या इंग्रजीत सांगितलं, तर त्यांनी 'वलंदेज' दोनदा म्हणून पाहिलं. 'ळ' नाही ते बरं.

मग तिथल्याच नादाबच्या कातळावर चढलो. खाली क्षितिजापर्यंत हिरवीगार पाणथळ, कडेकडेने धुराच्या दोन बारीक रेघा. मी पाय पसरून बसले होते, तेवढ्यात बहीण म्हणाली, "उठ, सूर्य मावळला की फाटक लावतात."