तुम्ही विचारलंत म्हणून : जुनी हायब्रिड घेऊ का?

पुण्यात तळजाई टेकडीवरून उतरताना, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एकदा तर लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढून घेताना. प्रश्न ठरलेला. "तुमच्यासारखी जुनी हायब्रिड आठ-नऊ लाखांत मिळतेय. घेऊ का? बॅटरी गेली तर किती खर्च येतो हो?"

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवर चालणारी मोटर, दोन्ही असलेली गाडी. माझी २०१४ची, जपानी बनावटीची, नवी असताना तीस लाखांच्या पुढची. २०२१ साली मी ती नऊ लाखांना घेतली, तिसरा मालक म्हणून. बायको तेव्हाच म्हणाली होती, "वेडा कोण, देणारा की आपण?" उत्तर मिळायला दीड वर्ष लागलं.

सिंहगड रस्त्यावर उड्डाणपुलाचं काम चालू होतं. त्या गर्दीत डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला. स्कॅनरवर कोड आला पी०ए८०, म्हणजे हायब्रिड बॅटरी बदला. सर्व्हिस सेंटरनं आकडा सांगितला : २ लाख ९० हजार. मी गाडी घेऊन धायरीतल्या एका ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो.

त्यानं मागची सीट काढली, जाड रबरी हातमोजे चढवले, नारिंगी प्लग ओढून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "चला काका, चहा घेऊ." बॅटरीची वीज मोटरला पोचवणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये साठलेला चार्ज उतरेपर्यंत दहा मिनिटं कशाला हात लावायचा नसतो. चहा पिऊन आल्यावर त्यानं आधी बॅटरी नाही, पंखा काढला. ही बॅटरी मागच्या सीटशेजारच्या जाळीतून गाडीतलीच हवा ओढून थंड राहते. पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखा थर बसला होता. धूळ पुण्याची, पण त्यात पिवळसर केस. आधीच्या मालकांकडे लॅब्रेडॉर होता. तो मागच्या सीटवर वर्षानुवर्षं एसीची हवा खात बसला आणि बॅटरी त्याच्या पाठीमागे गुदमरत राहिली.

माझ्या गाडीच्या बॅटरीत ३४ मोड्यूल, म्हणजे सेलचे छोटे संच, एकापुढे एक जोडलेले आहेत, प्रत्येकात कागदोपत्री १.२ व्होल्टचे सहा सेल. मीटर लावला तर बाकीचे ७.९ च्या आसपास, मधले दोन ६.७. सव्वा व्होल्ट कमी म्हणजे आत एक सेल मेलेला. मधलेच का? तिथंच उष्णता कोंडते. मेकॅनिकनं दुसऱ्या गाडीतले दोन जुने मोड्यूल टाकून दिले, ३८ हजारांत, आणि बजावलंही, "काका, टिकेल तोवर आपलं." सात महिने टिकलं. विरलेल्या कापडाला ठिगळ लावलं की शेजारची शिवण उसवते, तसं झालं. शेवटी पूर्ण नवी बॅटरी घेतलीच. ते ३८ हजार पाण्यात.

पण मला खरं रडवलं ते बॅटरीनं नाही. लक्ष्मी रस्त्यावर एका रिक्षानं डावा आरसा उडवला. त्यात मिटायची मोटर, कॅमेरा, इंडिकेटर, सगळं एकत्र. नवा ४६ हजार. विम्यात प्लॅस्टिकच्या भागाला पन्नास टक्के घसारा. वरचे पैसे माझे, आणि वर्षअखेरचा नो-क्लेम बोनसही गेला असता. मग कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून ११ हजारांत आणला. गाडी पांढरी, तिचा डावा कान आजही चंदेरी आहे. हेडलाइट, शॉक ॲब्सॉर्बर, सीटची मोटर, सगळ्यांची हीच कथा. गाडीची किंमत तीस लाखांवरून नऊवर आली, पण तिच्या सुट्या भागांना ते कोणी कळवलेलं नाही. नऊ लाखांची गाडी म्हणून हिशोब मांडाल तर फसाल. तीस लाखांची गाडी पोसायची तयारी आहे का, ते बघा.

तिची बाजूही सांगतो. हिला क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, त्यामुळे ते बिघडायचाही प्रश्न नाही. ब्रेक लावताना मोटरच वेग ओढून घेते आणि त्यातून बॅटरी भरते, म्हणून ब्रेक पॅड अजून पहिलेच आहेत. कात्रजचा घाट उतरताना बॅटरीचे हिरवे दांडे चढताना पाहणं हा तर नुसता बालिश आनंद, मला तो अजून पुरतो.

आता पेट्रोल, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असतो. शहरात मला पंधराचं ॲव्हरेज मिळतं. एवढीच मोठी साधी पेट्रोल गाडी नऊ देईल. माझं वर्षाचं फिरणं ८ हजार किलोमीटर. म्हणजे साडेतीनशे लिटर वाचतात, आजच्या भावानं ३६-३७ हजार रुपये. बॅटरीचे पैसे सुटायला आठ वर्षं. पेट्रोल वाचवायला म्हणून घेत असाल तर त्यापेक्षा एखादी छोटी सीएनजी बघा.

गेल्या आठवड्यात शेजारच्या पाटणकरकाकांनी मोबाइलवर फोटो दाखवला. काळी, चकचकीत, साडेसात लाख. मी म्हटलं, "काका, एजंटला तीनच गोष्टी विचारा. बॅटरी कधी बदलली, बिल आहे का, आणि आधीच्या मालकाकडे कुत्रा होता का."

काकांनी तिथल्या तिथं स्पीकरवर फोन लावला. पहिल्या दोन प्रश्नांना तो "सगळं ओके आहे साहेब" म्हणाला. तिसऱ्यावर जरा थांबला.

"एक पग होता साहेब. पण पग म्हणजे काय, अगदी छोटा असतो."