फातोर्ड्यातली मॅच-ड्युटी आणि ओवेन कॉयल

फुटबॉल मॅचला मैदानाच्या कडेला बसलेल्या डॉक्टरने चेंडूकडे बघायचं नसतं. चेंडू जिथून नुकताच गेला, तिथे बघायचं. कोण उठला नाही, कोण डोकं धरून बसलाय, कोण कुणाला न धडकताच खाली गेला. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. त्यामुळे 7 मार्च 2022 च्या रात्री, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, मोहन बागानविरुद्ध जमशेदपूरच्या ऋत्विक दासने 56व्या मिनिटाला गोल केला, तेव्हा मी भलत्याच टोकाला कमरेवर हात ठेवून वाकलेल्या एका डिफेंडरला न्याहाळत होतो. बाकावरून जो ओरडा उठला त्यावरून कळलं, जमशेदपूरने मारला.

ओरडा ऐकू आला, कारण स्टेडियम रिकामं होतं. कोविडमुळे त्या वर्षीही अख्खी आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान अशा तीन ठिकाणी चालली होती. जानेवारीत ओमायक्रॉनने काही सामने पुढे ढकलायला लावले होते. आम्हीही बबलमध्येच, बाहेरच्या कुणाशी संपर्क नाही: हॉटेल, बस, नाकात काडी, पुन्हा बस. प्रेक्षक नसल्याने खेळाडूंच्या शिव्या, पंचांच्या समज आणि दोन्ही कोचांचा आरडाओरडा सगळं स्वच्छ ऐकू यायचं. जमशेदपूरचे कोच ओवेन कॉयल माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांची ग्लासगोजवळच्या पेस्लीकडची इंग्रजी. स्ट्रेचर उचलणारा आमचा कुंकळ्ळीचा पोरगा दर दहा मिनिटांनी मला विचारायचा, "दोतोर, तो कितें म्हणटा?" अर्धं तर मलाच कळत नव्हतं.

मला मात्र हा माणूस ओळखीचा होता. फुटबॉलमुळे नव्हे, एका केसमुळे.

17 मार्च 2012. लंडनमध्ये टॉटनहॅम आणि बोल्टन, एफए कपचा सामना. पहिला हाफ संपत आला असताना बोल्टनचा 23 वर्षांचा फॅब्रिस मुआम्बा कुणाचा धक्काही न लागता कोसळला. कार्डिअ‍ॅक अरेस्ट. प्रेक्षकांत बसलेले एक हृदयरोगतज्ज्ञ, डॉ. अँड्र्यू डीनर, थेट मैदानात उतरले. मैदानात शॉक, बोगद्यात शॉक, अँब्युलन्समध्ये शॉक, मिळून 15. त्याचं हृदय 78 मिनिटं स्वतःहून चाललं नव्हतं, आणि तरीही तो वाचला. इमर्जन्सी शिकवताना ही केस हमखास येते, आमच्याही वर्गात आली होती. सामना तिथेच थांबवला गेला. बोल्टनचे तेव्हाचे मॅनेजर कॉयल. ते आणि कप्तान केव्हिन डेव्हिस रुग्णालयात गेले. पुढचे दिवस कॉयल मॅनेजर कमी आणि त्या पोराच्या घरच्यांसोबत थांबलेला माणूस जास्त होते. टॉटनहॅमचं तेव्हाचं मैदान, व्हाइट हार्ट लेन, गर्दीने भरलेलं होतं. माझ्यासमोरचं मैदान रिकामं, आणि कडेला तेच कॉयल.

म्हणून त्या रात्री मी किट जरा जास्तच वेळा तपासलं. एईडीचा, म्हणजे हृदयाला शॉक देणाऱ्या मशीनचा, हिरवा दिवा, पॅडच्या पाकिटावरची तारीख, दुसरा जोड. शेजारच्या पाऊचमध्ये कात्री, रेझर आणि कोरडा टॉवेल. गोव्याच्या मार्चमधल्या दमटपणात हा टॉवेल मशीनइतकाच महत्त्वाचा, कारण घामाने निथळणाऱ्या छातीवर पॅड नीट चिकटत नाही, आणि ओल्या कातडीवरून शॉक नुसता वरवर जातो. गोव्यातल्या फुटबॉलवाल्यांना हे सांगावं लागत नाही. 5 डिसेंबर 2004 ला बेंगळुरूत फेडरेशन कपच्या फायनलमध्ये गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर मोहन बागानच्या गोलरक्षकाला धडकला आणि गेला. दोन्ही गोल त्याचेच होते. त्या दिवसाचा विषय निघाला की मडगावातल्या जुन्या मंडळींचा आवाज अजून चढतो.

बोल्टनचं पुढे काय झालं तेही सांगतो. मुआम्बा एप्रिलमध्ये घरी गेला, ऑगस्टमध्ये खेळ सोडला. मधल्या मे महिन्यात, लीगच्या शेवटच्या दिवशी, बोल्टनला स्टोकमध्ये जिंकायचं होतं. 2-2 झालं. त्याच दुपारी तिकडे मँचेस्टरमध्ये सिटीच्या अ‍ॅग्युएरोने जादा वेळेत तो प्रसिद्ध गोल मारून क्यूपीआरला, म्हणजे तळाच्या झुंजीतल्या बोल्टनच्या प्रतिस्पर्ध्याला, हरवलं होतं, म्हणजे बोल्टन नुसतं जिंकलं असतं तरी वाचलं असतं. एका गुणाने खालच्या डिव्हिजनला गेले. ऑक्टोबरमध्ये कॉयलना नारळ मिळाला. फुटबॉलमध्ये मॅनेजरचा हिशोब असाच होतो. मार्चमधला तो आठवडा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आणि हे बोल्टन त्यांचं जिव्हाळ्याचं. खेळाडू म्हणून 1995 च्या, वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्यासाठीच्या, प्लेऑफ फायनलमध्ये रेडिंगविरुद्ध बोल्टन 0-2 ने मागे असताना पहिला गोल कॉयलनीच केला होता, मग सामना 4-3 ने फिरला. जन्म स्कॉटलंडचा, घराणं मूळचं आयर्लंडचं, म्हणून आयर्लंडकडून एकच आंतरराष्ट्रीय सामना, 1994 मध्ये नेदरलँड्सविरुद्ध. डंबार्टन, एअरड्री, डंडी युनायटेड, मदरवेल अशी क्लबांची यादी मोठी आहे, मी ती इथे पुरी देत नाही. मॅनेजर म्हणून नाव झालं ते बर्नलीत. 2009 मध्ये वेम्बलीवर शेफील्ड युनायटेडला 1-0 ने हरवून त्यांनी बर्नलीला 33 वर्षांनी वरच्या डिव्हिजनमध्ये नेलं, आणि घरच्या पहिल्याच सामन्यात मँचेस्टर युनायटेडला 1-0. गावाने डोक्यावर घेतलं. काही महिन्यांत, जानेवारी 2010 मध्ये, हेच साहेब हंगाम अर्ध्यावर टाकून शेजारच्या बोल्टनला गेले. बर्नलीचे लोक त्यांना ज्यूडास, म्हणजे दगाबाज, म्हणायला लागले. माझं मत विचाराल तर बर्नलीकरांचा राग रास्त होता. हंगाम तरी पुरा करायचा होता.

मग विगन, ह्यूस्टन, ब्लॅकबर्न, रॉस काउंटी. कुठेच जम बसला नाही. डिसेंबर 2019 मध्ये आयएसएलच्या तळाशी रुतलेल्या चेन्नईयीनला आले आणि संघ फायनलला. वाटेत सेमीफायनलमध्ये आमच्या एफसी गोवाला 6-5 ने बाहेर काढलं. फायनल 14 मार्च 2020 ला इथेच फातोर्ड्यात, कोविडच्या सुरुवातीची, प्रेक्षकांविना. कोलकात्याच्या एटीकेकडून 1-3 हरले. पुढच्या हंगामात जमशेदपूर, सहावा नंबर.

आता 2022. लीगमधला शेवटचा सामना, समोर मोहन बागान. जमशेदपूरचे 40 गुण, बागानचे 37. आपसातला पहिला सामना जमशेदपूरने 2-1 ने जिंकलेला, त्यामुळे शील्डसाठी, म्हणजे लीगमध्ये पहिल्या येणाऱ्याच्या पारितोषिकासाठी, बागानला दोन गोलांच्या फरकाने जिंकणं भाग होतं. बरोबरी काय, एका गोलाने हरले तरी कॉयलचं काम भागत होतं. अशा वेळी संघ मागे सरकून बसतात. हे बसले नाहीत, निदान मला बाजूने दिसलं ते तसं. ग्लासगोच्या रेंजर्समधून आणलेला, कॉयलसारखाच स्कॉटलंडचा ग्रेग स्टीवर्ट, तो त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, चेंडू मिळाला की मागे पास देण्यापेक्षा वळायलाच बघायचा.

गोलनंतरचा अर्धा तास माझ्यासाठी सगळ्यात लांबलचक होता. मागे पडलेला संघ अंगावर येतो, पायांत गोळे यायला लागतात, उशिराचे टॅकल लागतात. स्ट्रेचरवाला पोरगा एव्हाना उभाच राहिला होता. त्याला खाली बसवलं. मैदानात धावून गेलो की चूक नाही, पण पंचांनी बोलावल्याशिवाय गेलो तर चूक, हे त्याला हंगामभर सांगत होतो. आमच्या नशिबाने बर्फाच्या पिशव्या आणि स्प्रे यापलीकडे काही लागलं नाही. पॅडचं पाकीट फुटलं नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरला यापेक्षा चांगला निकाल नसतो.

शेवटची शिट्टी वाजली आणि जमशेदपूरचा अख्खा बाक मैदानात पळाला. 1-0. 20 सामन्यांत 43 गुण, लागोपाठ सात विजय, क्लबचं पहिलं मोठं पारितोषिक. शील्ड उंचावली तेव्हा टाळ्या वाजवायला आम्ही ड्युटीवालेच, म्हणजे अँब्युलन्सचा ड्रायव्हर, सिक्युरिटी, बॉल उचलणारे. मला ती बोल्टनची शेवटच्या दिवसाची दुपार आठवत होती. तिथे जिंकायलाच हवं होतं आणि बरोबरी झाली. इथे हरलं तरी चाललं असतं आणि जिंकले. कॉयलना हे आठवलं का, ते त्यांनाच ठाऊक.

आठवड्याभरात हाच संघ सेमीफायनलमध्ये केरळ ब्लास्टर्सकडून दोन सामने मिळून 1-2 ने बाद झाला. त्यामुळे पुष्कळांच्या लेखी त्या वर्षीचा विजेता म्हणजे फायनल जिंकणारा हैदराबाद. मी शील्डवाल्यांच्या बाजूचा. चार महिने दर आठवड्याला टिकून राहणं ही खरी परीक्षा, बाकी एखाद्या रात्री कुणाचंही नशीब फळफळतं.

कॉयल त्यानंतर मायदेशी, ग्लासगोच्या क्वीन्स पार्कला गेले. 1867 चा क्लब, स्कॉटलंडमधला सगळ्यात जुना. तिथेही हंगामाच्या शेवटच्या दिवशी डंडीकडून 3-5 हरून विजेतेपद हुकलं. 2023 मध्ये ते पुन्हा चेन्नईयीनला येणार ही बातमी आमच्या ड्युटीच्या ग्रुपवर पडली. सगळ्यात आधी उत्तर आलं त्या कुंकळ्ळीच्या पोराचं, जो एफसी गोवाचा कट्टर पाठीराखा आहे: "दोतोर, परतून आमकां हारोवपाक येता?"